अंतर आणि अवधी

वाट मोजण्याचे मराठीतील एक जुने माप काळाचे आहे. ‘मजल’ म्हणजे एका दिवसात उरकणारी चाल; त्या एका शब्दात भूमी आणि दिवस एकत्र नांदतात. विमानाने हा सहवास मोडला. अंतर होते तेवढेच राहिले. अवधी मात्र आटत गेला.

ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्यावरील पर्थ आणि लंडन या दोन विमानतळांमधील अंतर सुमारे १४,५०० किलोमीटर भरते. पृथ्वीच्या गोलावरील ही जवळात जवळची रेषा. तिच्यात कोणालाही फेरफार करता येत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर दहा पौंडांच्या सवलतीच्या भाड्यात ब्रिटनहून ऑस्ट्रेलियात वसावयास निघालेली कुटुंबे बोटीवर कित्येक आठवडे काढीत. धक्क्यावरचा निरोप पुष्कळदा जन्माचा निरोप ठरे, आणि देणाऱ्या-घेणाऱ्यांना त्याची जाणीव असे.

आकाशमार्गही आरंभी मुक्कामांचाच होता. १९४३ ते १९४५ या युद्धकाळात पर्थहून सिलोनमधील कोग्गलापर्यंत कॅटालिना जातीची जलविमाने जात. एकेका उड्डाणास २७ ते ३३ तास लागत. मोजके उतारू एकाच प्रवासात दोन सूर्योदय पाहत. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून बिनतारी यंत्र मूक ठेवीत व ताऱ्यांवरून दिशा शोधीत. विमानात उतारूंबरोबर टपालही असे; पत्र आणि माणूस एकाच गतीने चालत. पुढे १ डिसेंबर १९४७ रोजी सिडनीहून निघालेले क्वांटासचे विमान डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो व ट्रिपोली येथे थांबत सुमारे चार दिवसांनी लंडनला पोहोचले.

हे सारे थांबे २४ मार्च २०१८ रोजी गळून पडले. त्या दिवशी पर्थहून निघालेले पहिले नियमित विनाथांबा विमान सुमारे १७ तासांत लंडनला उतरले. परतीच्या वाटेस अवधी थोडा कमी लागतो, कारण उंचावरील पश्चिमेचे वारे तेव्हा पाठीशी असतात. मात्र आकाशही राजकारणापासून मुक्त नाही. एप्रिल २०२४ मध्ये पश्चिम आशियातील तणावामुळे मार्ग वळवावा लागला, आणि लंडनला जाणारे विमान इंधनासाठी पुन्हा सिंगापूरला उतरू लागले.

ज्याचा संसार पर्थला आणि आई लंडनला, त्याच्या लेखी हा हिशेब निराळा आहे. बोटीच्या काळी आजारपणाचे पत्र हाती पडे तेव्हा जे व्हावयाचे ते बहुधा होऊन गेलेले असे. तार आलीच तर चार शब्दांची. ती वाचून निघणाऱ्यालाही वेळेवर पोहोचण्याची आशा नसे. समुद्र आडवा होता, एवढे म्हटले की न येण्याला क्षमा मिळे. आता रुग्णशय्येवरील चेहरा त्याच क्षणी तळहातावरील पडद्यावर उमटतो, आणि मुलगा सतरा तासांच्या वाटेवर असतो. ते सतरा तास पूर्वीच्या आठवड्यांपेक्षा जड जातात. कारण आधीचे विमान धरले असते तर, हा प्रश्न त्या आठवड्यांत नव्हता.

अवधी आटला तशी अंतराची क्षमा करण्याची शक्तीही आटली. पूर्वी उशीर समुद्राचा होता. आज तो माणसाच्या नावे मांडला जातो.