मिरवणुकीवरचा ड्रोन

विसर्जन मिरवणुकीच्या काळात पोलिसांनी ड्रोनबंदी जाहीर केली की मी तावातावाने विरोध करायचो. उडवणाऱ्याचा हात तयार असेल तर हरकत काय, असं माझं म्हणणं. रेडिओचा प्रश्न २.४ गिगाहर्ट्झच्या रिमोटने कायमचा मिटवला, हे तर आम्ही हौशी मंडळी गृहीतच धरून होतो. पूर्वी दोघांच्या रिमोटमधले, चॅनल ठरवणारे क्रिस्टल एकाच चॅनलचे निघाले की एखादं विमान हातचं जायचं. आताचा रिमोट सतत चॅनल बदलत राहतो, मग भीती कसली?

आज मी त्या बंदीच्या बाजूने आहे.

उत्सवात, रीतसर परवानगी काढून, मी गच्चीच्या हद्दीतच ड्रोन वर नेला होता. दुपारी रस्ता रिकामा असताना रिमोटच्या संपर्काचा दर्जा, म्हणजे लिंक क्वालिटी, १०० दिसत होती. संध्याकाळी रस्ता भरला. तीच गच्ची, तीच उंची, आणि आकडा ६० च्या खाली. गॉगलमधलं ड्रोनच्या कॅमेऱ्याचं चित्र मात्र स्वच्छ! त्या स्वच्छ चित्राने मला विचारात पाडलं. चित्र ५.८ गिगाहर्ट्झवर ड्रोनकडून माझ्याकडे येतं, हुकूम २.४ वर माझ्याकडून ड्रोनकडे जातो. मी भिंतींच्या आडोशाला असतो. वर गेलेल्या ड्रोनला मात्र परिसरातले सगळे वायफाय राउटर, खालच्या गर्दीतले हॉटस्पॉट आणि ब्लूटूथ आडकाठीशिवाय ऐकू येतात. त्या गोंगाटात माझा हुकूम त्याला ऐकू जायला हवा, आणि तो जातोय की नाही हे चित्रावरून कळत नाही. जेमतेम ८३ मेगाहर्ट्झच्या त्या पट्ट्यात मोकळी जागाच उरली नाही, तर चॅनल बदलून बदलून बदलणार किती?

लिंक तुटली तर ड्रोन आपोआप परत येतो, हे उत्तर मीही देत असे. पण तो येतो जीपीएसच्या भरवशावर, आणि तो सिग्नल २०,००० किलोमीटरवरून येताना अगदी क्षीण झालेला असतो. ऑक्टोबर २०१८ मध्ये हाँगकाँगच्या व्हिक्टोरिया हार्बरवरच्या ड्रोन-शोमध्ये जीपीएस जॅम झालं आणि ४६ ड्रोन कोसळले. तिथे खाली बंदर होतं. घरी जोडलेल्या ड्रोनमध्ये तर फेलसेफ, म्हणजे लिंक तुटल्यावरचं सेटिंग, बहुधा मोटर बंद करण्याचंच ठेवतात. मैदानावर ते योग्यच, भरकटण्यापेक्षा जागीच पडलेला बरा. मिरवणुकीत त्याच सेटिंगमुळे अर्धा-पाऊण किलोचं वजन कुणाच्या तरी लेकराच्या डोक्यात पडेल. गर्दीवर कोणतंच सेटिंग बरोबर ठरत नाही. जिथे पडायला जागा नाही, तिथेच सिग्नल सर्वांत वाईट असतो.

मंडळाची पोरं नाराज आहेत. वरून दिसणारं ढोल-पथक मलाही हवं आहे, पण ते यंदा गच्चीवरून, लांब काठीला कॅमेरा लावून टिपू. आणि लग्नाच्या वरातीसाठी ड्रोनवाला ठरवणाऱ्यांना मी एवढंच सांगतो: लिंक तुटली तर हा काय करतो, ते सेटिंग त्याला उघडून दाखवायला लावा. उत्तर देताना तो अडखळला तर आगाऊ रक्कम देऊ नका.