कूच आणि तिचे नाव

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आल्बर्ट एडेल्फेल्ट (१८५४–१९०५) या फिनलंडच्या चित्रकाराने पोरीच्या पलटणीची कूच रंगविली. हे सैनिक १८०८–०९च्या युद्धातले; स्वीडनच्या बाजूने रशियाशी लढलेले आणि हरलेले. फिनलंड त्या युद्धात झारकडे गेला आणि चित्र निघाले तेव्हाही तो झारच्याच अमलाखाली होता. चित्रकाराच्या डोळ्यांसमोर पलटण नव्हती, योहान लुड्विग रूनेबेर्यची युद्धकाव्ये होती. ती १८४८ आणि १८६० अशा दोन भागांत प्रसिद्ध झाली, तीही स्वीडिशमध्ये. फिनलंडची राष्ट्रीय संहिता फिन्निश भाषेत लिहिलेली नाही, ही गोष्ट भाषा आणि राष्ट्र यांची सोपी गाठ मारणाऱ्यांनी लक्षात घ्यावी. चित्राला काळातील एकच क्षण धरता येतो, असे लेसिंगने १७६६ साली ‘लाओकोऑन’मध्ये मांडले. कूच हा असा क्षण आहे, की त्यात निकाल अजून लागलेला नसतो. म्हणून हरलेली पलटणही चित्रात अपराजित राहू शकते.

या चित्राविषयी एम.ए.च्या वर्गात बोलत असता एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, आपल्या जिल्ह्यातून अशी फौज कधी गेली का?”

गेली. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जे. एन. चौधुरी यांच्या नेतृत्वाखालील भारतीय फौज सोलापूरहून निघून निजामाच्या हद्दीत शिरली. त्याच दिवशी नळदुर्ग तिच्या हाती आले. पुढे उमरग्यावरून ती हैदराबादच्या दिशेने गेली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती जाहीर केली. बखरींच्या मराठीला ‘कूच’, ‘मजल दरमजल’ हे शब्द सहज सुचत. या मोहिमेला मात्र नाव मिळाले ‘पोलीस ॲक्शन’. चिलखती दलाच्या रणगाड्यांना पोलीस म्हणणारी ही संज्ञा राजनैतिक गरजेतून आली हे उघड आहे. परंतु चिन्हव्यवस्थेत शिरलेला शब्द आपले काम करीतच राहतो. २ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग त्याच दिवशी नळदुर्गजवळ लढताना मारले गेले. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले, म्हणजे रणांगणाबाहेरील शौर्याचा सर्वोच्च सन्मान. जिथे युद्धच नव्हते, तिथे युद्धातील मरणही नसते.

माझी आजी जन्म-मृत्यूंचा हिशेब ‘पोलीस ॲक्शनच्या आधी’, ‘ॲक्शनच्या सालात’ असाच ठेवी. तिच्या तोंडी हे इंग्रजी शब्द पूर्ण मराठी झाले होते. फौजेविषयी ती फारसे बोलत नसे. रझाकारांच्या धाकाविषयी बोले, रात्री शेतात काढल्याचे सांगे. शेजारची घरे रिकामी झाल्याचा उल्लेख येई, तेव्हा वाक्य अर्धे राही.

दुसरा शब्द ‘मुक्तिसंग्राम’. तो खरा आहे, त्यामागे माणसांनी भोगलेला तुरुंग आणि मरण आहे. तथापि त्याच्याही चौकटीत कूचचे फक्त तोंड मावते. फौज पुढे गेल्यावर मागे काय घडले, हे पाहण्यासाठी नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना पाठविले. त्यांच्या अहवालाने संस्थानात किमान २७,००० ते ४०,००० माणसे मारली गेल्याचा अंदाज केला; बळी मुख्यतः मुसलमान होते, आणि सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबादचे नाव आहे. अहवाल अनेक दशके दडून राहिला. २०१३ च्या सुमारास दिल्लीत अभ्यासकांना तो पाहता येऊ लागला. रझाकारांचे अत्याचार सांगून हा आकडा पुसता येत नाही, आणि हा आकडा सांगून ते अत्याचारही पुसता येत नाहीत. आपल्या समीक्षेला असे दुहेरी वाचन पेलवत नाही, असे मला वाटते. ‘अनुपस्थिती’ ही संज्ञा आपण देरिदाकडून घेतली, पण ती आपल्याच तालुक्यात वापरून पाहिली नाही.

२०२३ साली जिल्ह्याचे नाव धाराशिव झाले. अहवालात अर्थातच जुने नाव आहे. मी तो आता वर्गात वाचावयास देतो. नळदुर्ग-उमरग्याकडची मुले घरी विचारून येतात. काही सांगतात, काही वही उघडून नुसतीच बसून राहतात.