गड्ड्याची काठी



माझे बालपण नवी पेठेत गेले. मकरसंक्रांत जवळ आली की आम्हां मुलांच्या तोंडी एकच शब्द असे, तो म्हणजे 'गड्डा'. श्रीसिद्धेश्वराची यात्रा सोलापुरात याच नावाने ओळखली जाते. वडिलांचे बोट धरून होम मैदानावर जावे, पाळण्यात बसावे, भेंड-बत्तासे खावेत, एवढीच माझी यात्रा! तिचा खरा अर्थ मला उमगला तो शिक्षक झाल्यावर, आणि तोही माझ्याच एका चुकीमुळे.

काही वर्षांपूर्वी डिसेंबरात नववीतील एक विद्यार्थी वर्गात वारंवार पेंगत असे. एके दिवशी मी त्यास सर्वांदेखत 'आळशी' म्हटले. तो खाली मान घालून उभा राहिला. शेजारचा मुलगा हळूच म्हणाला, "सर, तो रात्री काठीच्या सरावाला जातो." मी उत्तरलो, "काठीने परीक्षा पास होता येत नाही." मुले हसली, तो मात्र हसला नाही.

त्या हसण्याने माझेच मन अस्वस्थ झाले, म्हणून मी या काठीची माहिती मिळविली. बाराव्या शतकात, सोलापूर 'सोन्नलगी' म्हणून ओळखले जात असता, सिद्धरामेश्वरांनी येथे तलाव खोदविला व अडुसष्ट लिंगे स्थापिली. एका कुंभारकन्येने त्यांच्याशी विवाहाचा हट्ट धरिला, तेव्हा त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करण्यास अनुमती दिली, अशी आख्यायिका आहे. त्या विवाहाचे स्मरण म्हणून सात नंदीध्वजांची, म्हणजेच उंच काठ्यांची, मिरवणूक उत्तर कसब्यातून निघते. भोगीच्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. संक्रांतीस होम होतो. मैदानाचे नावही त्यावरूनच पडले. काठ्यांचे मान निरनिराळ्या समाजांकडे असून शेवटच्या दोन काठ्या मातंग समाजाच्या आहेत.

त्या वर्षी भोगीला मी विजापूर वेशीपाशी जाऊन उभा राहिलो. शुभ्र बाराबंदी घातलेल्या एका प्रौढ गृहस्थाने काठी कमरेशी पेलली होती. त्यांच्या बाजूस माझा विद्यार्थी हात उंचावून, काठीच्या टोकावर दृष्टी खिळवून चालला होता. वर्गात मिटणारे ते डोळे येथे क्षणभरही लवत नव्हते. गृहस्थ थकताच दुसऱ्याने कंबर पुढे केली; काठी किंचित डोलली, पण कलली नाही.

मी ख्रिस्ती, त्या विधींत माझा वाटा नाही. तरीही हे गाव माझे आहे, आणि त्या क्षणी मला माझ्याच शब्दांची लाज वाटली. शाळा भरताच मी त्याच वर्गासमोर त्या मुलाची क्षमा मागितली व त्यास यात्रेविषयी बोलण्यास सांगितले. घरी कानडी बोलणारा तो मुलगा अडखळत मराठीत म्हणाला, "सर, काठी एकट्याची नसते. दुसरा तयार असला, तरच पहिल्याला ती सोडता येते."

करोनाच्या साथीमुळे २०२१ साली गड्डा भरला नाही. मोजक्या माणसांनी विधी पार पाडले. मैदान ओस होते, तेव्हा मला त्याचे हेच वाक्य आठवले. शतकानुशतके ही यात्रा अशाच हातांनी पुढे आली आहे.

पालकांस विनंती एवढीच की, मुलगा सरावास जात असल्यास आम्हांस अगोदर कळवावे. अभ्यासाची सोय आम्ही लावू. आणि मुलांनो, तुमचे शिक्षकही चुकतात. त्यांस खरे कारण सांगण्यास भिऊ नका.