विरत जाणारा आवाज

बिघडलेले यंत्र सरळ बंद पडले तर ते दुरुस्त करणे सोपे असते. कठीण असते ते कधी चालणारे, कधी न चालणारे यंत्र. असे यंत्र कारागिराच्या टेबलावर ठेवले की शहाण्या मुलासारखे वागते. चार तास वाजते, हूं का चूं करत नाही. आणि परत जागेवर नेऊन ठेवले की दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच. बोईसरजवळच्या आमच्या धर्मग्रामातील जुना अँप्लिफायर याच जातीचा होता. १९९८ साली वसई धर्मप्रांत स्थापन झाला, त्याच्याही पूर्वीचा. लोखंडी पेटी, पुढे पाच गोल बटणे आणि आत २एन३०५५ जातीचे पॉवर ट्रान्झिस्टर. १९६०च्या दशकात निघालेला हा ट्रान्झिस्टर अजूनही लॅमिंग्टन रोडवर मिळतो, म्हणून अशा यंत्रांना मरण नाही.

ख्रिस्तमंदिरातील ध्वनिक्षेपक ही चैनीची वस्तू नव्हे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज मान्य केला आणि लॅटिनची जागा हळूहळू लोकभाषांनी घेतली. शब्द कळू लागला, म्हणून तो शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाणेही अगत्याचे झाले. तत्पूर्वी १९३१ साली अकराव्या पायस महागुरूंनी मार्कोनीकडून व्हॅटिकन रेडिओ उभारून घेतला होता आणि १९५१ साली बाराव्या पायस यांनी गब्रिएल देवदूताला दूरसंचाराचा आश्रयदाता म्हणून घोषित केले. निरोप पोहोचवणे हेच ज्याचे काम, त्याच्याकडे हे खाते आले, यात नवल नाही.

आमच्याकडे तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली आणि नोकरीनिमित्त केरळ, मंगळूर, गोवा, तमिळनाडू येथील कुटुंबे आली. त्यामुळे रविवारी सकाळची पहिली मिस्सा इंग्रजी आणि तिच्यामागून लगेच मराठी. पहिल्या मिस्सेत आवाज कधी गेला नाही. मराठी मिस्सेत मात्र पहिले वाचन निम्म्यावर आले की तो खाली खाली जाई आणि दोन-तीन सेकंदांत नाहीसा होई. पाड्यावरची एक वारली तरुणी तेव्हा पहिले वाचन करीत असे. घरी वारली बोलणारी ही मुलगी आदल्या रात्री बायबलचा उतारा मोठ्याने वाचून तयारी करी. आवाज विरला की मागच्या बाकांवरून कुजबुज होई, “घाबरते. आवाज दबतो तिचा.” कुणी म्हणे, माईक कसा धरावा ते तिला कळत नाही. धर्मगुरूंचा आवाज भरदार. माईक गेला तरी ते स्वर चढवीत, आणि यंत्र बंद पडले हे कुणाच्या लक्षातही येत नसे. एवढ्यात कुणी मुलगा जाऊन पेटीवर थाप मारी आणि आवाज परत येई. तीन-चार रविवार असे झाल्यावर त्या मुलीने यादीतून आपले नाव काढून घेतले. कुणी तिला थांबवले नाही.

बिघाडाचे निदान करायचे तर आधी त्याच्या सवयी पाहाव्या लागतात. समुद्राकाठच्या आणि कारखान्यांच्या हवेत पहिला संशय जातो तो गंजलेल्या जोडांवर: माईकचा प्लग, आवाजाचे बटण, स्विच. परंतु तेथील दोष खरखर करतो, कडकडतो. येथे तसे काही नव्हते. आवाज शांतपणे मावळत असे. एका रविवारी आवाज गेला तेव्हा वेदीवरच्या माईकपाशी एका मुलाला बोलायला लावले. तोही मुका. म्हणजे वाचनपीठावरचा माईक आणि तो धरणारे हात, दोन्ही निर्दोष. पेटीवरचा दिवा जळत होता आणि स्पीकरमध्ये बारीक गुणगुण शिल्लक होती. तेव्हा शेवटच्या टप्प्याला वीज मिळत होती, आधीच्या टप्प्याला मिळत नव्हती. त्या टप्प्याच्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज संपेपर्यंतचे ते दोन-तीन सेकंद.

आणि दुसऱ्याच मिस्सेत का? ही पेटी सागवानी कपाटात, दार लावून ठेवलेली असे. पहिल्या मिस्सेत ती तापे आणि दुसऱ्या मिस्सेपर्यंत तापलेलीच राही. टेबलावर झाकण काढून, पंख्याखाली तपासले तर दोष दिसणार कसा? मी झाकण पुन्हा बसवले, स्पीकरऐवजी जाड तारेचा रेझिस्टर जोडला, टेपरेकॉर्डरवर गीतांची कॅसेट लावली आणि पेटीवर पुठ्ठ्याचे खोके पालथे घातले. मीटरच्या तारा कपॅसिटरवर आधीच बसवल्या होत्या. मीटर जुना, काट्याचा. अशा कामी तो अंकांच्या मीटरपेक्षा बरा, कारण हळू उतरणारा दाब डोळ्यांना दिसतो. पाऊण तासाच्या सुमारास काटा डावीकडे झुकू लागला.

मग खोके आणि झाकण काढले, आणि पेटी थंड होण्यापूर्वी लाकडी पेन्सिलीच्या टोकाने एकेक भाग हलकेच दाबत गेलो. उष्णता बाहेर टाकणाऱ्या पत्र्याशेजारी वीजपुरवठ्याचा एक रेझिस्टर होता. त्याच्या पायाला स्पर्श होताच काटा उसळून वर आला. वीज बंद केली, कपॅसिटर रेझिस्टरमधून रिकामा केला (ही खबरदारी नवशिक्यांनी कधीही विसरू नये) आणि भिंगातून पाहिले. पायाभोवतीच्या शिशात केसाएवढे काळे कडे पडले होते. तापला की धातू प्रसरण पावून जोड सुटायचा, थाप बसली की क्षणभर टेकायचा. जुने शिसे पूर्ण काढले, पाय खरवडला, राळ लावून नवा जोड दिला. बाकी कशाला हात लावला नाही. एका वेळी दोन गोष्टी बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही. खोक्याखाली यंत्र पुन्हा तीन तास वाजवले; काटा जागचा हलला नाही. कपाटाची मागची फळी मात्र काढून टाकली.

मराठी मिस्सेनंतरच्या सूचनांत धर्मगुरूंनी हे सारे सविस्तर सांगितले, रेझिस्टरच्या पायासकट. लोक हसले. मुलगी त्या दिवशी आली नव्हती. पुढच्या आठवड्यात धर्मगुरू आणि मी पाड्यावर गेलो. तिच्या सासूने चहा केला. मी खिशातून जुन्या शिशाचा तुकडा काढून दाखवला. तिने तो तळहातावर घेऊन पाहिला आणि म्हणाली, “काका, एवढ्याशानं होत होतं?”

वाचायला येशील का, असे फादरांनी विचारले. तिने लगेच होकार दिला नाही. आपल्या जागी एक शाळकरी मुलगी वाचू लागली आहे, तिचे बंद होता कामा नये, असे ती म्हणाली. सध्या दोघी आळीपाळीने वाचतात. यंत्रातला मोठा कपॅसिटर आता वयाने सुकत चालला आहे. पावसाळ्यानंतर तो बदलायचा आहे.