माहेरचे नाव

गेली वीस वर्षे शाळेच्या हजेरीपटावर मी नावे लिहीत आलो आहे. कादंबऱ्यांतल्या पात्रांनाही नावे मीच देतो. तेव्हा नाव ठेवणे आणि नावे ठेवणे या दोन्ही कलांत आपण निष्णात आहोत, अशी माझी समजूत होती. गेल्या मे महिन्यात एका किड्याने ती घालवली.

माझी धाकटी बहीण अमेरिकेत, अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरी असते. लग्न होऊन गेली त्याला बावीस वर्षे झाली. आई गेली तेव्हा तिला येता आले नाही. त्या दुःखात मी तिला एक कठोर पत्र लिहिले, आणि मग आमचे बोलणे सणावारापुरते उरले. यंदा तिनेच तिकीट पाठवले. गेलो खरा, पण चार दिवस तिच्याशी नुसते ‘अगं’ म्हणून बोलत होतो.

टूसॉन वसले आहे सोनोरन वाळवंटात. वाळवंट म्हणजे नुसती वाळू, हे माझे भूगोलाचे ज्ञान! इथे तर दुमजली घराएवढे सग्वारो निवडुंग हात वर करून उभे. दिवसा ऊन असे भाजते, की कितीतरी जीव रात्रपाळीच करतात.

भाची कॉलेजात कीटकशास्त्र शिकते. रात्री तिने अंगणात पांढरी चादर टांगून पुढे जांभळा दिवा लावला. थोड्या वेळाने चादरीवर एक तपकिरी, लोकरी अंगाची माशी येऊन बसली.

“मामा, हा मखमली मुंगीचा नर!”

मखमल म्हटल्यावर मला आपला मृगाचा किडा आठवला. पण हा तो नव्हे, आणि मुंगीही नव्हे. ही गांधीलमाशीच्या गोतातली जात. नराला पंख असतात, डंख नसतो. मादीला पंख नसतात, म्हणून ती मुंगीसारखी जमिनीवर धावते. डंख मात्र तिलाच. दुसऱ्या माश्यांच्या घरट्यात शिरून त्यांच्या वाढलेल्या पिलांवर ती आपले अंडे घालते.

भाचीने भिंग दिले. नराच्या कपाळावर तीन टपोरे बिंदुडोळे होते. ही रात्री उडणाऱ्याची खूण. दिवसा हिंडणाऱ्या जाती पुष्कळदा लालभडक असतात, या फिक्या. पण एवढ्याने जात ठरत नाही. जबड्याची ठेवण, छातीखालचे उंचवटे, जननेंद्रियाची घडण, सारे तपासावे लागते. तेव्हा कुठे ओडोन्टोफोटॉप्सिस की स्फीरॉप्थाल्मा, हे कळते. जात त्याच्याही पुढे!

मग बॅटरी घेऊन आम्ही वाळूत शोधू लागलो. एक इवलीशी बिनपंखी मादी लगबगीने चालली होती. मी हात पुढे केला.

“मामा, हात नको!” भाची ओरडली. तिने मादीला बाटलीत घेतले. आतून बारीक चिरचिर ऐकू आली.

“ही त्या नराची कोण?”

“तेच तर कळत नाही. नर दिव्याकडे येतो, ही येत नाही. दोघे एकत्र क्वचितच सापडतात. म्हणून एकाच जातीच्या नराला एक नाव आणि मादीला दुसरेच, असे कितीदा तरी झाले आहे. 2006 साली डीएनए जुळवून जोड्या लावण्याची एक रीत प्रसिद्ध झाली. पण काम अजून पुष्कळ उरले आहे.”

“आणि जोडी जुळली, तर नाव कोणाचे राहते?”

“जे आधी छापले गेले ते. लिनीअसच्या 1758 च्या ग्रंथापासून हिशेब धरतात. मागाहून दिलेले नाव बाद!”

बाटलीवरच्या चिठ्ठीवर तिने ठिकाण, तारीख आणि ‘मादी’ एवढेच लिहिले. नावाची जागा कोरी ठेवली.

बहीण चहा घेऊन दारात उभी होती. तिच्या लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलेले नवे नाव मी याच डोळ्यांनी पाहिले होते. ते माझ्या जिभेवर कधी बसले नाही. आणि त्या पत्रानंतर जुने घेण्याचा धीर होत नव्हता.

“म्हणजे नियमाने आईचेही पहिलेच नाव खरे!” भाची हसली.

बहीणही हसली. मग म्हणाली, “आई गेल्यापासून त्या नावाने मला कोणी हाकच मारली नाही.”

मी हाक मारली. घसा जरा दाटला होता, म्हणून दुसऱ्यांदा मारावी लागली.

“ओ,” ती म्हणाली.

चहा निवून गेला होता. तिने तो पुन्हा गरम करून आणला.