लंगोटांची दोरी

आमच्या घरी सध्या दिवसाला 22 ते 24 लंगोट धुतले जातात. धाकट्या सुनेला माहेरी, साताऱ्याला, जुळं झालं. एक मुलगा, एक मुलगी, अल्हम्दुलिल्लाह. चिल्ला उरकून ती जुलैत आमच्या गावी, रत्नागिरी जिल्ह्यात आली, तेव्हा पाऊस धो धो कोसळत होता. आमच्या जिल्ह्यात वर्षाला 3000 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. पावसाळ्यात पाणी हवं तेवढं, पण ऊन नाही; मे महिन्यात ऊन रणरणतं, तर विहीर तळाला गेलेली. लंगोटांना मात्र दोन्ही लागतं.

आम्ही थोरली जोडी शाळेत शिकवतो, सकाळी साडेनऊला घर सोडतो. जुळ्यांचे वडील आखातात. घरी उरतात अम्मी, अब्बा, धाकटी आणि दोन बाळं. अम्मींचे गुडघे आता मोरीत बसू देत नाहीत. त्यामुळे धुणं आपसूक धाकटीकडे गेलं.

पंधरा दिवसांत अम्मींच्या लक्षात आलं की तिची मुसल्ल्यावरची वेळ कमी होत चाललीय. जोहर असरला टेकते, असर मगरिबला, आणि मग इशानंतर सगळं कजा. अम्मींनी जवळ बसवून विचारलं तेव्हा ती म्हणाली, "अम्मी, कपडे पाक राहतात कधी? एकाने भिजवलं म्हणून बदलावं, तोवर दुसरी भिजवते."

इथे थोडं मसल्याचं बोलायला हवं, कारण असा प्रश्न अनेक घरांत पडतो. आम्ही कोकणातले बहुतेक शाफई, धाकटीचं माहेर घाटावरचं, हनफी. सहीह बुखारीत उम्मे कैस (रजि.) यांची हदीस आहे. त्यांनी आपला अजून अन्न न खाणारा लहान मुलगा प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आणला. मांडीवर घेतलेल्या बाळाने त्यांच्या कपड्यावर लघवी केली. त्यांनी पाणी मागवून त्यावर शिंपडलं, कपडा धुतला नाही. त्यावरून शाफई मजहबात दोन वर्षांच्या आतला, आहार म्हणून दुधाखेरीज काही न घेणारा मुलगा असेल, तर त्याच्या लघवीच्या जागेवर सगळीकडे पोहोचेल इतकं पाणी शिंपडणं पुरतं. मुलीची धुवावी लागते. हनफी मजहबात दोघांचीही धुवायची, आणि डाग दिसत नसेल तर तीनदा धुऊन दरवेळी पिळायचं. शी झाली असेल तर मात्र दोन्हीकडे धुण्याला पर्याय नाही.

अम्मींनी सुनेला मजहब बदलायला सांगितलं नाही. दाराआडच्या खुंटीवर धुतलेला एक सलवार-कमीज आणि मोठी ओढणी टांगली आणि सांगितलं, हे फक्त नमाजेचे. भिजलेला कपडा उतरवायचा, अंगाला लागलं असेल ती जागा धुवायची, वुजू करायचा, हे चढवायचे. पूर्ण आंघोळीची गरज नाही. तेवढी दहा मिनिटं दोन्ही बाळं दुसऱ्या कुणाकडे असली पाहिजेत, ही अट अम्मींनी घरातल्या बाकीच्यांना घातली. जोहरला अब्बा मशिदीतून परतले की त्यांचा पाळण्याशी पहारा असतो.

मग धुण्याची वाटणी झाली. मोरीत झाकणाच्या दोन बादल्या ठेवल्या, एक ओल्यांची, एक शीच्यांची. शीचा लंगोट आधी संडासात फवाऱ्याने साफ करायचा. पहिलं पाणी थंडच हवं, गरम पाण्याने डाग घट्ट बसतो. मग सगळे वाहत्या नळाखाली धुऊन, पिळून घ्यायचे, धाकटीच्या हिशेबाने तीनदा. आमचं मशीन दोन टपांचं, साठलेल्या पाण्यात घुसळणारं. त्यात नापाक लंगोट तसाच टाकला तर सोबतचे कपडेही त्याच पाण्यात. त्यामुळे मशीनमध्ये जाणारा लंगोट आधीच पाक झालेला असतो आणि मशीन राहतं फक्त साबणासाठी. या व्यवस्थेवर दोन्ही मजहब खूश आहेत.

साबणाची पावडर बेतानेच, पण खळबळणं भरपूर. शेवटच्या पाण्याला फेस दिसला तर आणखी एकदा. राहिलेला साबण बाळाच्या अंगाला झोंबतो. कपडे मऊ करणारं सुगंधी औषध लंगोटांना अजिबात लावत नाही, त्याने कापड पाणी शोषेनासं होतं. अब्बांच्या जुन्या सुती लुंग्यांचे लंगोट सगळ्यांत चांगले निघाले. बाजारातून आणलेले बटणांचे कापडी डायपरही सहा आहेत. त्यांचं बाहेरचं न भिजणारं कापड उकळायचं नसतं.

सकाळची खेप आमचा दहावीतला मुलगा फजरनंतर काढतो, संध्याकाळची आम्ही शाळेतून आल्यावर. मुलाने सुरुवातीला नाक मुरडलं. अब्बा एवढंच म्हणाले, "तुझे मी धुतलेत." उर्दूत पिढीजात श्रीमंताला 'पोतडों का रईस' म्हणतात, पोतडे म्हणजे हेच लंगोट. वर्गात हा वाक्प्रचार शिकवताना आता मनात येतं, त्या रईसाचे पोतडे धूत कोण होतं?

वाळवणं हीच खरी कसोटी. पडवीत तीन दोऱ्या बांधल्यात, तरी दमट हवेत दुसऱ्या दिवशीही लंगोट हाताला गार लागतो. असा कोंदट कपडा बांधला की पुरळ आलंच. म्हणून मशीनमध्ये दोनदा पिळायचे, रात्रभर पंख्याखाली टाकायचे आणि सकाळी इस्त्री फिरवायची. वीज गेली तर अम्मींची जुनी रीत आहे. शेगडीत नुसते निखारे, वर उपडी बांबूची टोपली, तिच्यावर लंगोट, आणि शेजारी हललं तरी चालणार नाही असं एक माणूस.

विकतचे डायपर आमच्या घरात निषिद्ध नाहीत. रात्री आणि दवाखान्यात जाताना तेच वापरतो. दोन बाळांना दिवसरात्र तेच घालायचे तर महिन्याला चारेक हजार लागतील, हे एक. आणि गावात घंटागाडी येत नाही, हे दुसरं. घनकचऱ्याचे नियम सांगतात की वापरलेले डायपर नीट गुंडाळून द्यावेत. द्यायचे कुणाकडे? पऱ्यात फुगलेले डायपर अडकलेले दिसतात आणि खाली त्याच पाण्यावर कुणाची तरी गुरं असतात. आम्ही रात्रीचे दोन डायपर कागदात गुंडाळून पिशवीत साठवतो आणि आठवड्याला तालुक्याच्या गाडीत टाकतो. ती पिशवी नेणं हे काम मात्र अजून कुणी आनंदाने करत नाही.

धाकटी आता जोहर जोहरलाच पढते. डिसेंबरात बाळं सहा महिन्यांची होतील, वरचं खाणं सुरू होईल आणि मुलाला असलेली शाफई सवलत संपेल. तोवर ऑक्टोबरचं ऊन आलेलं असेल. अब्बांनी अंगणात दोरीसाठी दोन खांब आत्ताच रोवून ठेवलेत.