रंगाआधीचे काम

टोरोंटोत आमच्या धाकट्याने स्वकमाईतून पहिली गाडी घेतली, तीही जुनी : १९९० सालची, दोन आसनांची, छप्पर उघडणारी तांबडी माझदा मियाटा. हिरोशिमात घडणाऱ्या या गाडीने १९८९ साली शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम दर्शन दिले होते. विटलेला रंग पाहून त्याला ती आधी रंगवायची होती. गाठीचे पैसे मात्र एकाच कामापुरते. आम्ही एवढेच म्हटले, “रंग थांबेल, बाळ, रस्ता थांबणार नाही.”

जुन्या गाडीत आधी म्हातारे होते ते रबर. टायमिंग बेल्ट सुमारे ९६ हजार किलोमीटरला बदलायचा असतो. तो तुटला तरी या इंजिनाच्या झडपा वाचतात. गाडी मात्र भर हमरस्त्यावर बंद पडते. पाण्याच्या पंपापर्यंत पोहोचण्यास तोच पट्टा उतरवावा लागतो, म्हणून दोन्ही कामे एकाच खेपेस उरकतात.

रंगाचेही मूळ खोलच. छपरावरचे पावसाचे पाणी आसनांमागील नळ्यांतून उतरते. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या, की दारांखालचा पोकळ पत्रा आतून कुजतो. हिवाळ्यात रस्त्यांवर टाकलेले मीठ उरलेले काम पुरे करते. तो पत्रा कापून नवा जोडल्यावाचून लांबी भरून रंग देणे म्हणजे गंजाला पांघरूण घालणे होय.

धाकटा दोन दिवस रुसला. मग पट्टा, पंप व रबरी नळ्या बदलून आला. रंग पुढल्या उन्हाळ्यावर गेला. रात्रपाळीहून परतलेली ती विटकी गाडी दारी दिसली, की आम्हांला स्वस्थ झोप लागते.